नवरा ख्रिस्ती झाला, बायको नाही. टिळकांच्या घरात पुढे काय घडलं?

भंडारा रोड रेल्वे स्टेशन भंडारा शहरात नाही, ते आहे मोहाडी तालुक्यातल्या वरठी गावात. नागपूरहून गोंदिया, राजनांदगावकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच जातात. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात गाजलेला एक प्रवास राजनांदगावलाच जाणारा होता.

रेल्वेत काय झालं?

1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नाशिकहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी ओळख झाली. कविता आणि धर्मावर गप्पा झाल्या. वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली. टिळकांनी ती वाचली, त्यावर बराच विचार केला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

मग घरच्यांचं काय?

पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. चित्पावन ब्राह्मण घरातल्या या बाईसाठी नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे संसार मोडल्यासारखंच होतं. पदरात लहानगा दत्तू होता. त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आल्या, पण धर्म न बदलता. सोवळं सांभाळत त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळत होता. ती माणसानेच केली, अशी खात्री पटल्यावर त्यांचं सोवळं सुटलं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या विचाराने.

पाळक म्हणजे नेमकं कोण?

कॅथलिक लोक ज्यांना 'फादर' म्हणतात, साधारण तशी जबाबदारी मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'पाळक' सांभाळतात. रविवारची उपासना, बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना ही त्यांची कामं. पाळक लग्न करू शकतात. त्यामुळे या कामात अख्खं घर ओढलं जातं.

टिळकांना 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते 'रेव्हरंड' झाले. हातात पैसा टिकत नसे, तरी निराधार मुलांना ते घरी आणत. त्यांना जेवू घालायची, वाढवायची जबाबदारी मोठ्या प्रमाणात लक्ष्मीबाईंवर यायची. एकेकाळी पाण्याचाही विटाळ मानणाऱ्या बाईच्या घरात आता सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत होती.

टिळकांनी वेगळं काय केलं?

ख्रिस्ती होण्यासाठी आपली भाषा, आपलं संगीत सोडायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी ख्रिस्तावर अभंग आणि भजनं लिहिली, कीर्तनं केली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या लोकांनाही तिथे जागा होती. 9 मे 1919 ला त्यांचं निधन झालं.

आज काय उरलंय?

टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकराव्या अध्यायाशी थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या होत्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र 1934 पासून भागांमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात नवऱ्यावरचा राग, चेष्टा, ताटातूट आणि माया सगळं मोकळेपणाने आलंय.

आणि टिळकांची गीतं? मराठी चर्चमध्ये रविवारी आणि ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेला ती आजही म्हटली जातात.