वीरगळ कुणासाठी?

वाई तालुक्यात, चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकली गाव आहे. तिथल्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळांची दाटी आहे. शौर्याची स्मारके म्हणून आपण ती पाहुण्यांना दाखवतो. मला मात्र वाटते, हे दगड आधी मागे राहिलेल्यांच्या दुःखासाठी उभे राहिले. या दगडांचे कूळ शोधत गेले की इक्ष्वाकू राजांच्या काळातले, तिसऱ्या शतकातले आंध्रातले नागार्जुनकोंडा लागते. तिथल्या छायास्तंभांत, म्हणजे मृतांच्या स्मृतिस्तंभांत, सेनापतींबरोबर कारागिराचाही स्तंभ आहे. रणात पडण्याची अट तेव्हा नव्हतीच. पुढे दख्खनेत या दगडाला कप्पे पडले आणि शिलाहार-यादवांच्या अमदानीत सातारा-सांगलीच्या गावोगावी तो रुजला. कप्पे वाचायचे खालून वर. तळाशी झुंज, पडलेला वीर, पुष्कळदा पळवली जाणारी गुरे. त्यावर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. मरणाला एकच कप्पा, तोही तळाचा! निव्वळ पराक्रम मिरवायचा असता तर झुंज माथ्यावर गेली असती. शिवाय इथल्या बहुतेक वीरगळांवर नावही नाही. नाव परक्याला लागते. गावाला तो कुणाचा कोण हे ठाऊक होते. (पिढ्या सरल्या, ओळख पुसली आणि शेंदूर फासून कित्येकांचे देव झाले, ते वेगळे.)

यावर कुणी म्हणेल, ही तर शिपाईभरतीची जाहिरात. कर्नाटकातल्या लेखांत पडलेल्या वीराच्या घरच्यांना जमीन दिल्याच्या नोंदी आहेत, आणि कैलासाचे आमिष जिवंतांनाही होतेच. हे खरे. पण गावची गुरे सोडवताना पडलेल्याला कोणत्या राजाने भरती केले होते? जड आक्षेप दुसराच आहे, सतीशिळेचा. वीरगळाशेजारी कधी कधी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसतो. आईबापांना, भावांना, लेकरांना दगडाने धीर दिला असेल. सती गेलेल्या बाईचे दुःख मात्र तिच्यासकट जाळले गेले. सतीशिळा वीरगळांहून खूप कमी आहेत, म्हणजे बहुतेक विधवा मागे राहिल्या असणार. त्यांच्यासाठी या दगडात एकही कप्पा नाही, आणि माझा युक्तिवाद तिथवरच पोहोचतो.