बडोद्याचे लोकशिक्षण : कला, शास्त्र आणि कायदा

प्रौढशिक्षण हा शब्द उच्चारला की कंदिलाच्या उजेडात पाटीवर स्वतःचे नाव गिरवणारा एखादा वयस्क शेतकरी आपल्या डोळ्यांसमोर येतो. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. अक्षरओळख झाल्यावर त्या माणसाने पुढे काय वाचावयाचे, कोणती विद्या शिकावयाची, आपल्यावर ज्या कायद्यांचे राज्य चालते ते त्याला कोणी समजावून द्यावयाचे, हे प्रश्न त्या चित्रात येत नाहीत. बडोदे संस्थानात सुमारे शंभर वर्षांपूर्वी नेमक्या याच प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न झाला. त्या प्रयत्नाचे यश आणि त्याच्या मर्यादा यांचा थोडक्यात परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रौढांना शाळेबाहेर ज्ञान देण्याची कल्पना मराठी समाजाला त्यापूर्वीही अपरिचित नव्हती. 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखांतून देशी भाषांत शास्त्रीय व सामाजिक विषयांवर निबंध वाचले जात. 1855 मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली. 1875 पासून न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. हे सर्व उपक्रम व्यक्तींच्या आणि संस्थांच्या बळावर उभे राहिले. बडोद्याचे वेगळेपण असे की तेथे राज्यसंस्थेने हे काम आपले मानले, आणि तरीही ते केवळ सरकारी राहू दिले नाही.

या कामामागे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा स्वानुभव होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. 1863 मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा 1875 मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. ज्या वयात इतर मुले चार-पाच इयत्ता ओलांडतात त्या वयात त्यांनी धुळाक्षरांपासून आरंभ केला. उशिरा शिकणाऱ्याचे कष्ट कसे असतात हे या राजाला कोणी सांगावे लागले नाही.

1893 मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. परंतु सक्तीच्या शिक्षणाने एक नवा प्रश्न उभा केला. शाळा सोडून नांगर किंवा माग हाती घेतलेल्या मुलाच्या दृष्टीस पुढे वर्षानुवर्षे पुस्तकच पडले नाही, तर शिकलेली अक्षरे तो विसरणार हे उघड होते. म्हणजे शाळेवर झालेला खर्च निम्मा वाया जाणार. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय गेलेच पाहिजे, हा निष्कर्ष या हिशेबातून निघाला.

या कामासाठी महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणले. बॉर्डन ज्या न्यू हेवन येथील ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’मधून आले ती संस्था 1826 मध्ये काही तरुण कामगारांनी आपापली पुस्तके एकत्र करून, एकमेकांना शिकविण्यासाठी स्थापन केलेली होती. कारागिरांच्या स्वयंशिक्षणाच्या त्या परंपरेत मुरलेला मनुष्य बडोद्यास लाभला, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. बॉर्डन 1913 पर्यंत येथे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचे लोकांसाठी खुले होणे, 1911 मध्ये सुरू झालेला ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग, आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक ही त्या काळाची फळे होत. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम वाढविले.

मात्र खेड्यापर्यंत चळवळ नेण्याचे श्रेय मुख्यतः मोतीभाई अमीन या शिक्षकाकडे जाते. बॉर्डन येण्यापूर्वीच त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावाने खेडोपाडी लहान वाचनालये काढण्यास आरंभ केला होता. संस्थानाने त्यांना बोलावून या कामावर नेमले. पैशाची व्यवस्था तिहेरी होती. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करावी, तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने द्यावी आणि तितकीच सरकारने घालावी. माझ्या मते या संपूर्ण योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच होता. गावाने आपला वाटा उचलल्याखेरीज सरकारचा पैसा येत नसे, आणि आपल्या वर्गणीचे वाचनालय गावाला परके वाटत नसे.

जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटीचे भाडेही वाचकांवर पडत नसे. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचाही विसर पडला नव्हता, ही गोष्ट येथे आवर्जून नमूद केली पाहिजे. त्यांच्यासाठी दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोपची चित्रे आणि सिनेमाचे यंत्र घेऊन तिचे लोक गावोगाव जात व विनामूल्य खेळ करीत. निरक्षर म्हणजे अज्ञानी, आणि त्याला आधी अक्षरे मग ज्ञान, असा क्रम येथे धरलेला नव्हता.

आता कला आणि शास्त्र यांविषयी. 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली बडोद्यात गायनशाळा निघाली. घराण्यात गुरूच्या मर्जीने मिळणारी विद्या येथे स्वरलिपीच्या आधारे वर्गात बसून कोणालाही शिकता येऊ लागली. 1890 मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन सुरू झाले. रंगविद्या व रसायन, यंत्रकाम, चित्रकला, शिल्पशास्त्र असे विषय तेथे होते. गज्जरांचा आग्रह असा की कारागिराला शास्त्र शिकवावयाचे तर ते त्याच्या भाषेतूनच शिकविले पाहिजे. पुस्तके नव्हती म्हणून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेतून गुजराती व मराठीत शास्त्रीय पुस्तके लिहवून घेण्यात आली. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे 1912 मध्ये महाराजांनी देशी भाषांतील ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमाला उभी राहिली. आजही एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात या मालेतील मराठी पुस्तक हाती लागते, तेव्हा त्यातील विषयांचा विस्तार पाहून मन थक्क होते.

कायद्याची गोष्ट अधिक अवघड होती. सामाजिक कायद्यांत बडोदे पुष्कळ पुढे होते. 1904 मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. शारदा कायदा त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1929 मध्ये आला. 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. असा हक्क देशातील हिंदूंना सर्वत्र मिळण्यासाठी 1955 साल उजाडावे लागले. परंतु बालविवाहाच्या कायद्याचा अनुभव उद्बोधक आहे. खटले भरले गेले, दंड झाले, लोकांनी दंड भरले आणि लग्ने लावली. दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चात धरली जाऊ लागली. कायदा माहीत असणे आणि कायद्यामागील कारण पटणे यांत केवढे अंतर असते, हे यावरून दिसते. हे अंतर शिक्षा भरून काढीत नाही. ते काम शिक्षणाचे आहे.

कायद्याच्या शिक्षणात भाषेचा अडसर मोठा असतो, हेही बडोद्याने ओळखले होते. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश याची साक्ष देतो. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिले आहेत. ज्याला नोटीस वाचता येते पण कळत नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार उघडे असून नसल्यासारखेच असते. मी राज्यशासनाच्या सेवेत असताना कागद हाती घेऊन आलेल्या किती तरी माणसांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला, “साहेब, यात लिहिलंय काय?” ते निरक्षर नव्हते. वारसा नोंद, अपिलाची मुदत, अपिलाचा अधिकार हे शब्द त्यांना कोणी कधी शिकविलेच नव्हते. पुष्कळदा कळेपर्यंत मुदत टळून गेलेली असे आणि मग कोणाचाच इलाज चालत नसे.

बडोद्याच्या या प्रयोगाच्या मर्यादाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या संस्थानाने 1913 मध्ये भीमराव आंबेडकर यांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले, त्याच संस्थानाच्या राजधानीत 1917 मध्ये नोकरीसाठी आलेल्या त्या विद्वानाला राहावयास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांना दारे बंद करणाऱ्यांत सुशिक्षितांची वाण नव्हती. तेव्हा वाचनालये आणि व्याख्याने यांनी माणसाचे मन बदलतेच, असा भाबडा समज धरता येणार नाही. लोकशिक्षणाची गरज वंचितांना असते, तितकीच ती शिकलेल्यांनाही असते, एवढे मात्र त्या घटनेवरून निश्चित म्हणता येते.

1939 मध्ये महाराज निवर्तले. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना होऊन कलाभवनाचा वारसा त्याच्याकडे गेला. उच्च शिक्षणाची सोय झाली. परंतु गावची वर्गणी, स्थानिक मंडळाचा वाटा आणि सरकारचे अनुदान ही तिहेरी साखळी पूर्वीसारखी राहिली नाही. गुजरातमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 2001 मध्ये झाला.

या इतिहासाचा आपल्यासारख्या मंडळांनी काही उपयोग करावयाचा की केवळ अभिमान बाळगावयाचा, हा प्रश्न उरतो. आपल्या सभागृहांत नाट्यवाचन होते, कोजागरी होते, व्याख्यानेही होतात. परंतु व्याख्यान आणि अभ्यासक्रम यांत फरक आहे. व्याख्यान ऐकून श्रोता घरी जातो. अभ्यासक्रमात त्याला पुढच्या आठवड्यात परत यावे लागते, प्रश्न विचारावे लागतात आणि विचारलेही जातात. वर्षातून बारा संध्याकाळी घ्याव्यात : चार कलेच्या, चार विज्ञानाच्या, चार कायद्याच्या. कायद्यासाठी 2005 चा माहितीचा अधिकार, त्याच वर्षीचा घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा, 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे विषय पुरेसे आहेत. शिकविणारे निवृत्त प्राध्यापक, वकील, अभियंते आपल्यातच आहेत. वर्ग मराठीत चालावा, आणि शेजारच्या गुजराती बंधुभगिनींसाठी दार उघडे असावे, कारण ‘लायब्ररी मिसेलनी’च्या पानांवर या दोन्ही भाषा एकत्र नांदल्या होत्या.

खर्चाचे म्हणाल तर पद्धत जुनीच बरी. एक वाटा शिकणाऱ्यांनी द्यावा, एक वाटा मंडळाने घालावा. तिसऱ्या वाट्यासाठी अर्ज अवश्य करावा, परंतु त्याची वाट पाहत वर्ग थांबवू नये. मोतीभाई अमीन यांनीही आरंभ केला तेव्हा सरकारी पेटी गावात यावयाची होती.