दांडा, ओढणी आणि चेन कव्हर

१८८५ साली इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांची मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ आली. आजच्या सायकलची ती पूर्वज. पुढे सांगाड्यात आडवा दांडा पक्का झाला, पण लांब झग्याच्या बायकांसाठी तो खाली वाकवावा लागला. झगा अडकू नये म्हणून साखळीवर झाकण आणि मागच्या चाकावर जाळी बसली. म्हणजे ‘लेडीज सायकल’ कपड्यामुळे घडली, नाजूकपणामुळे नव्हे!

नाशिक रोडला प्रेस सुटली की जेल रोडवर लोटायच्या त्या काळ्या, २८ इंची, सळईच्या ब्रेकच्या सायकली. जड, पण कॅरिअरवर पोतंही यायचं आणि पोरगंही. कामानुसार सायकल.

आता पालक आठवीतल्या मुलीलाही जाड टायरची, गिअरची सायकल घेतात. ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर जन्मली. तिथे ओढणी नव्हती, नकाब नव्हता. साखळी बहुधा उघडीच. एकदा कपडा अडकून मुलगी पडली की घरचे सायकल बंद करतात, आणि शाळा लांब असेल तर कधी शाळाही. म्हणून वाकवलेला दांडा, पूर्ण चेन कव्हर, मडगार्ड बघा. दुकानात तिला शाळेच्याच कपड्यांत न्या. सीटवर बसून पाय टेकतात का, तेही तिलाच बघू द्या.