नियत आणि तिचा पुरावा : महाराष्ट्रातील इस्लामी आचाराच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठीत ‘नियत’ हा शब्द दोन वाटांनी आला आहे. ‘नियतकालिक’, ‘नियत कर्म’ ह्यांतील नियत संस्कृत होय. तिचा अर्थ ठरलेले, नेमलेले. ‘त्याची नियत फिरली’ ह्या वाक्यातील नियत मात्र अरबी असून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आली. तिचा अर्थ मनातील हेतू, संकल्प. ह्या दुसऱ्या नियतीचे मराठीत एक नवल झाले आहे. ज्या शब्दाने इस्लामी धर्मशास्त्रात प्रत्येक उपासनेचा आरंभ होतो, तो आपल्या बोलीत बहुधा कोणाच्या तरी लबाडीची वार्ता घेऊन येतो.

प्रस्तुत लेखात शब्दाचा इतिहास सांगावयाचा नाही. नियत अंतःकरणात असते, ती दिसत नाही. उलट धर्मशास्त्रज्ञ, न्यायाधीश आणि इतिहासकार ह्या तिघांचाही व्यवहार दिसणाऱ्या गोष्टींवर चालतो. न दिसणाऱ्या हेतूचा निवाडा ह्या मंडळींनी कसा केला, कोठे करावयाचे नाकारले, आणि कोठे नको तितका धीटपणे केला, हे महाराष्ट्रातील काही प्रसंगांवरून पाहण्याचा हेतू आहे.

बुखारीच्या हदीससंग्रहाचा आरंभ उमर ह्यांनी निवेदन केलेल्या परंपरेने होतो. कर्माचे मोल हेतूवरून ठरते, आणि एकाच वाटेने हिजरत करणाऱ्या दोघांपैकी एक ईश्वरासाठी व दुसरा विवाहासाठी वा ऐहिक लाभासाठी निघालेला असेल, तर दोघांना आपापल्या हेतूचेच फळ मिळते, असा तिचा आशय. ही शिकवण एका वाक्यात सांगता येते. तिचा नियम करावयास गेले की अडचणी सुरू होतात, आणि त्या अडचणींतूनच धर्मशास्त्रीय पंथांत भेद पडले.

नाशिक जिल्हा ह्या दृष्टीने सीमेवरचा आहे. घाट उतरून पश्चिमेस गेले की कल्याण, भिवंडीपासून कोकणी मुसलमानांची वस्ती लागते. ती परंपरेने शाफई पंथाची. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे ह्याच परंपरेतील थोर पंडित व कुराणाचे भाष्यकार. घाटावर मात्र, आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी वाढविलेल्या मालेगावात, हनफी पंथाचे प्राबल्य आहे. नमाजाला नियत हवी, ह्याविषयी दोन्ही पंथांत दुमत नाही. भेद आहे तो नमाजापूर्वीच्या वजूविषयी. शाफई मताप्रमाणे नियतीवाचून हातपाय धुतले तर वजू झालाच नाही. हनफी म्हणतात की वजू झाला, त्यावर केलेला नमाजही सिद्ध झाला. मात्र त्या धुण्याला उपासनेचे पुण्य नाही. परंतु पाणी न मिळाल्यास मातीने करावयाच्या तयम्मुमला हेच हनफी नियत आवश्यक मानतात. त्यांची उपपत्ती मार्मिक आहे. पाणी स्वभावतःच शुद्ध करते, त्याला माणसाच्या हेतूची गरज नाही; माती स्वभावतः मळविते, म्हणून तिला शुद्धिकारक करण्यास हेतूच लागतो. रमजानच्या रोजाचेही असेच. शाफई मताने प्रत्येक रात्री, पहाट फुटण्यापूर्वी, संकल्प झाला पाहिजे. हनफी मताने दुपार होण्यापूर्वी केलेला संकल्पही चालतो.

असले भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतील. वस्तुतः त्यांत एक मोठा प्रश्न दडला आहे : कृतीला स्वतःचा काही गुण आहे, की तिला सर्व मोल कर्त्याच्या मनातून येते? अशा नियमांची एक मर्यादाही स्पष्ट आहे. ‘मी अमुक नमाजाचा संकल्प करतो’ असे शब्द उच्चारता येतात, पण शब्द म्हणजे नियत नव्हे. गझालीने (मृत्यू ११११) आपल्या ‘इह्या’ ग्रंथात नियत, इखलास व सत्यता ह्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहून हाच मुद्दा मांडला. इखलास म्हणजे हेतूची निर्भेळता, आणि रिया म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती. शुक्रवारी अत्तर लावणाराही दोन प्रकारचा असू शकतो : एक मशिदीचा मान राखण्यासाठी लावतो, दुसरा चारचौघांत मिरविण्यासाठी. वास दोघांचाही सारखाच.

दख्खनेत ह्या विचाराचे जुने केंद्र खुलदाबाद. मुहंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविण्याचा घाट घातला त्या काळात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) तेथे आले. त्यांच्या बैठकीतील संभाषणे काशानी बंधूंनी फारसीत टिपून ठेवली आहेत. चिश्ती साधूंचा दंडक असा की दान मागावयाचे नाही, आपण होऊन आलेले नाकारावयाचे नाही, आणि आलेले साठवावयाचे नाही. नियत शुद्ध आहे काय, हे विचारीत बसण्यापेक्षा नियत बिघडविणारी वस्तूच घरात राहू द्यावयाची नाही, अशी ही व्यवस्था होय. पुढे ह्याच दर्ग्यांना राजांनी इनामे दिली आणि साठवण सुरू झाली, हा भाग वेगळा.

बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी (मृत्यू १३६९) ह्यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तो १७०७ साली अहमदनगरजवळ वारला. कबर साधी, मातीची, आभाळाखाली उघडी. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या खर्चाने उभी राहिली. जदुनाथ सरकारांनी १९१२ साली इंग्रजीत आणलेल्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’ ह्या संग्रहात बादशहाचे म्हणून एक मृत्युपत्र आहे. त्यात, आपण शिवलेल्या टोप्यांचे चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते कफनाला लावावे. कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये मृत्यूच्या दिवशी फकिरांना वाटावे, ते कफनाकडे लावू नयेत, अशी आज्ञा आहे. ह्या संग्रहाच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या उपेक्षणीय नाहीत.

क्षणभर ते मृत्युपत्र खरे मानले, तरी त्यावरून काय सिद्ध होते? एका पक्षाचे लेखक ह्या चार रुपये दोन आण्यांत निर्मळ भक्ती पाहतात. दुसरा पक्ष त्यांत ढोंग पाहतो, कारण १६८१ पासून पंचवीस वर्षे दख्खन जाळणारी मोहीम, १६७९ चा जिझिया आणि १६८९ मधील संभाजीमहाराजांची क्रूर हत्या मराठी मन विसरू शकत नाही, व विसरण्याचे कारणही नाही. आमच्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात. कफनाचा हिशेब आणि मुलखाचा हिशेब ही दोन स्वतंत्र खाती आहेत. स्वतःच्या देहावर प्रजेचा पैसा खर्च न करण्याची इच्छा प्रामाणिक असू शकते, आणि त्या प्रामाणिकपणाने एकाही जळलेल्या गावाची भरपाई होत नाही. इस्लामी न्यायशास्त्रात काजीने बाह्य गोष्टींवरून निर्णय द्यावा व आतले ईश्वरावर सोडावे असा दंडक आहे. इतिहासकाराने तो उसना घेतल्यास बिघडणार नाही. राजाची नियत वाचता आली नाही, तरी त्याच्या कृतीचे परिणाम वाचता येतात.

हा दंडक न पाळल्याने काय होते, ह्याचे ठळक उदाहरण वक्फाच्या कायद्यात सापडते. वक्फ म्हणजे मिळकत कायमची ईश्वरार्पण करून तिचे उत्पन्न ठरविलेल्या कामी लावणे. औरंगजेबाच्याच कारकिर्दीत संकलित झालेल्या ‘फतावा-इ-आलमगिरी’त त्यावर विस्तृत प्रकरण असून, १८६५ साली निघालेल्या बेलीच्या इंग्रजी संग्रहाद्वारे हा ग्रंथ इंग्रज न्यायाधीशांच्या नित्य हाताशी आला. कुटुंबावर केलेला खर्चही ईश्वरप्रीत्यर्थ असेल तर दान होय, अशी इस्लामी परंपरा. म्हणून उत्पन्न आधी मुलालेकरांना, वंश खुंटल्यावर गोरगरिबांना, असा ‘वक्फ-अलल-औलाद’ शास्त्रसंमत होता. १८९४ साली अबुल फता मुहंमद इसहाक ह्यांच्या बंगालमधील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ रद्द ठरविला. लॉर्ड हॉबहाउस ह्यांच्या निकालाचा रोख असा की गरिबांना मिळावयाचे ते इतके दूरचे आणि अनिश्चित आहे की तो धर्मादाय केवळ देखावा ठरतो. खरा हेतू घराणे पोसण्याचा आहे. म्हणजे लंडनमध्ये बसलेल्या न्यायमंडळाने दात्याच्या अंतःकरणात डोकावून तेथे रिया पाहिली! न्यायमूर्ती अमीर अली ह्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात ह्यापूर्वीच भिन्नमत नोंदविले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

ह्या निकालाविरुद्धच्या चळवळीत शिबली नोमानी ह्यांच्यासारखे विद्वान होते. कायद्याचे काम मुंबईने केले. मुंबईच्या मुसलमान मतदारसंघातून मध्यवर्ती कायदेमंडळात गेलेले महंमद अली जिना ह्यांनी १९११ साली विधेयक मांडले आणि १९१३ साली मुसलमान वक्फ वैधीकरण अधिनियम संमत झाला. अंतिम लाभ गरिबांना वा कायम स्वरूपाच्या धर्मकार्याला राखलेला असेल, तर तो दूरचा आहे एवढ्यावरून वक्फ अवैध ठरू नये, असे त्याने सांगितले. तथापि प्रिव्ही कौन्सिलचा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणवत नाही. धनको टाळण्यासाठी, किंवा शरीअतीने दिलेला मुलींचा वाटा चुकविण्यासाठी वक्फाची ढाल करता येत असे. न्यायमंडळाचे चुकले ते इतकेच की काहींच्या बदनियतीवरून त्याने तो प्रकारच खोटा ठरविला.

नाशिकपुरते पाहावयाचे तर पुढचा टप्पा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. १९५४ चा वक्फ कायदा महाराष्ट्रात मराठवाड्यापुरताच लागू असल्यामुळे, नाशिक-मालेगावकडील मशिदी व दर्गे देवस्थानांप्रमाणेच धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आले. त्या नोंदवहीत विश्वस्तव्यवस्थेच्या उद्देशांचा रकाना असतो. वाकिफाची नियत तेथे एका ओळीत बसली. १९९५ च्या कायद्यानंतर, २००२ मध्ये, राज्याचे वक्फ मंडळ स्थापन झाले आणि कोणती संस्था वक्फ व कोणती मुसलमानाने स्थापलेली केवळ सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था, हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. मुसलमानाने केलेली प्रत्येक विश्वस्तव्यवस्था वक्फ असतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. जुन्या मशिदींना तर दस्तऐवजच नसतो. तेथे दीर्घकाळ चाललेल्या सार्वजनिक वापरावरून अर्पणाचा हेतू ओळखीत. २०२५ च्या दुरुस्तीने हा मार्ग पुढील काळापुरता बंद केला. त्याच दुरुस्तीने औलादीच्या वक्फामुळे स्त्रियांसह कोणाही वारसाचा हक्क बुडू नये असे म्हटले, आणि १८९४ च्या संशयातील न्याय्य अंश नेमक्या जागी ठेवला. मात्र वाकिफाने आपण किमान पाच वर्षे इस्लामचे आचरण करीत आहोत हे दाखवावे, अशीही अट तीत घातली. आचरण कोणी व कशावरून तपासावे, ह्याचे नियम राज्यांनी केलेले नसल्याने ती अट सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी, असे नियम होईपर्यंत, स्थगित केली. वाकिफाच्या अर्पणात काही बनाव नसावा, हे शब्द त्याच कलमात अटीच्या शेजारी आहेत.