जुनी मोटार देऊन नवी घेतांना

तांब्यापितळेचीं जुनीं भांडीं मोडींत देऊन नवीं घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कासार भांडें तराजूंत टाकतो, मोडीचा भाव सांगतो, नव्या भांड्याच्या किंमतींतून तेवढी रक्कम वजा करतो आणि व्यवहार संपतो. त्या भांड्यांत कोणाच्या आजीनें किती वर्षें पाणी तापविलें याचें वजन तराजूंत येत नाहीं, आणि तें यावें अशी अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र हा व्यवहार इतक्या सरळपणें क्वचितच होतो. हाताला वळण लागलेली एक आवडती मोटार देऊन तितकीच आवडेल अशी दुसरी घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न पडलेला मनुष्य भावाची चौकशी करण्यास म्हणून दुकानांत जातो, आणि भाव कळल्यावर अधिकच घोटाळ्यांत पडून घरीं येतो.

हा प्रश्न एका माणसाला नव्हे, तर एका सबंध देशाला एकाच वेळीं पडल्याचा प्रसंग इतिहासांत नमूद आहे. १९२७ सालीं अमेरिकेंत फोर्डच्या ‘टी’ मोटारीनें निरोप घेतला आणि तिच्या जागीं ‘ए’ मोटार आली, तो हा प्रसंग होय. ही गोष्ट सामान्यतः एका हट्टी कारखानदाराची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच; पण तिचें खरें बीज हट्टांत नसून मोडीच्या व्यवहारांत आहे, असें मला वाटतें.

टी मोटार १ ऑक्टोबर १९०८ रोजीं बाजारांत आली तेव्हां तिच्या टुरिंग नमुन्याची किंमत ८५० डॉलर होती. पुढें १९१३ सालीं हायलंड पार्कच्या कारखान्यांत फिरत्या साखळीवर जोडणी सुरू झाली आणि ज्या सांगाड्याला पूर्वीं साडेबारा तास लागत तो सुमारें दीड तासांत उभा राहूं लागला. किंमत उतरत उतरत १९२५ च्या सुमारास दोन आसनांच्या उघड्या गाडीपुरती २६० डॉलरवर आली. इंजिन अवघें २० अश्वशक्तीचें, वेग फार तर ताशीं ४०-४५ मैल; पण पोलाद चिवट, बांधणी हलकी आणि जमिनीपासून उंची भरपूर, त्यामुळें चिखलाच्या ज्या रस्त्यांत भारी गाड्या रुतून बसत त्या रस्त्यानें ही टुणटुण उड्या मारीत निघून जाई.

ती चालविणें हें मात्र एक स्वतंत्र शास्त्र होतें. पेट्रोल कमीअधिक करण्यास पायाखालीं कांहीं नव्हतें. त्यासाठीं सुकाणूच्या चाकाखालीं उजवीकडे एक दांडी असे, आणि डावीकडे ठिणगीची वेळ मागेंपुढें करण्याची दुसरी. पायाशीं तीन पेडलें. डावें पुरतें दाबलें तर गाडी सावकाश चाले, पुरतें सोडलें तर जलद चाले, आणि अधलेंमधलें धरलें तर जागींच उभी राही. मधलें दाबलें कीं ती मागें जाई, उजवें थांबविण्यासाठीं. पेट्रोलची टाकी बसण्याच्या आसनाखालीं होती आणि तें इंजिनाकडे केवळ उतारानें वाहत असे. त्यामुळें टाकी रिती होत आली असतां तीव्र चढ लागला म्हणजे मालक गाडी फिरवून घेत आणि उलट्या गतीनें टेकडी चढत. पेट्रोल किती उरलें हें पाहण्यास आसन उचलून टाकींत काठी बुडवावी लागे. थंडीच्या दिवसांत हँडल मारतांना तेल गोठलेलें असल्यानें गाडी मालकाच्याच अंगावर सरकूं पाही, आणि ठिणगीची दांडी चुकीच्या जागीं राहिली तर हँडल उलटून मनगट मोडे.

या खोडींमुळेंच ती प्रिय झाली, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. पण ज्या वस्तूची खोड आपणच जाणतों, ती वस्तु आपली होते. टी मोटारीचा बिघाड दोन-चार हत्यारांनीं घरच्या अंगणांत काढतां येई. शेतकरी तिचें मागचें चाक उचलून त्यावर पट्टा चढवीत आणि लांकडें कापीत, पाणी उपशीत. तिला लावावयाच्या शेंकडों उपवस्तु टपालानें मागवितां येत. १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगांत निघे; तरीहि ज्याला त्याला आपली ‘टिन लिझी’ शेजाऱ्याच्या लिझीहून निराळी वाटे, कारण ती निराळी त्यानें स्वतःच्या हातांनीं केलेली असे.

सर्वांत मोठा भक्त अर्थात् हेन्री फोर्ड स्वतः. १९१२ च्या सुमारास तो युरोपांतून परत आला तेव्हां त्याच्या माणसांनीं टीची एक सुधारलेली, लाल रंगाची आवृत्ति तयार करून ठेविली होती. फोर्डनें गाडीभोंवतीं दोनचार फेऱ्या मारल्या आणि मग एक अक्षर न बोलतां तिचीं दारें हातांनीं उपटून काढलीं, असें सांगतात. पुढें जानेवारी १९२६ मध्यें अर्नेस्ट कॅन्झलर या अधिकाऱ्यानें, जो फोर्डच्या मुलाचा साडू होता, अतिशय आर्जवी भाषेंत एक टिपण लिहून टीचे दिवस भरल्याचें कळविलें. त्याच वर्षीं त्याची नोकरी गेली. मुलगा एडसेल हा नांवानें कंपनीचा अध्यक्ष होता आणि मतानें कॅन्झलरच्या बाजूचा. परंतु बापापुढें त्याचें फारसें चालत नसे.

येथपर्यंतचा इतिहास हट्टाचा आहे. पण हट्टी माणसाचा मालहि वर्षानुवर्षें खपतो, आणि टी तर १९२३ सालीं एका वर्षांत सुमारें २० लाख खपली. मग चारच वर्षांत असें काय घडलें? याचें उत्तर जनरल मोटर्सचा प्रमुख अल्फ्रेड स्लोन यानें १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत दिलें आहे. तो प्रतिपक्षाचा मनुष्य असल्यामुळें तें थोडें सावधपणें घ्यावें लागतें, तथापि त्यांतील मुख्य मुद्दा मला खोडून काढण्यासारखा वाटत नाहीं.

१९०८ सालचें गिऱ्हाईक दुकानांत आलें तेव्हां त्याच्या घरीं घोडा होता. १९२४ सालच्या गिऱ्हाइकाच्या घरीं टी मोटार होती. पहिल्याला जाण्यायेण्याचें साधन पाहिजे होतें. दुसऱ्याजवळ तें होतेंच, आणि तेंच मोडींत देऊन त्याला कांहींतरी अधिक पाहिजे होतें. जुन्या गाडीचे जे पैसे येत ते नव्या गाडीचा पहिला हप्ता म्हणून लागत; उरलेली रक्कम महिन्याच्या हप्त्यांनीं. जनरल मोटर्सनें अशा उधारीसाठीं १९१९ सालींच स्वतंत्र कंपनी काढिली होती. फोर्डला उधारीचा तिटकारा. त्यानें १९२३ सालीं जी योजना काढली तींत गिऱ्हाइकानें आठवड्याला पांच डॉलर आधीं सांठवावयाचे आणि पुरी रक्कम जमल्यावर गाडी न्यावयाची! काटकसरीचा हा धडा नीतीच्या पुस्तकांत शोभला असता. शेव्हरोलेचें दुकान समोरच असतां तो कोण गिरविणार?

याहून चमत्कारिक गोष्ट निराळीच आहे. मोडींत आलेली गाडी नष्ट होत नसे. दुकानदार ती थोडी दुरुस्त करून गरीब गिऱ्हाइकाला विकी. टी तर मरतां मरत नसे, आणि तिचें रूपहि फारसें बदललेलें नव्हतें. म्हणजे अगदीं स्वस्त वाहन हवें असणाऱ्यापुढें नवी टी आणि तिच्याहून पुष्कळ स्वस्त अशी जुनी टी या दोन्ही उभ्या राहत. शिवाय नव्या टीच्या किंमतींत दुसऱ्या कंपनीची वापरलेली बंद गाडी मिळे ती वेगळीच. नव्या टीची खरी सवत शेव्हरोले नव्हे, जुनी टीच होती. त्यांत लोकांचें मन उघड्या गाड्यांवरून उडालें. १९१९ सालीं अमेरिकेंत खपणाऱ्या मोटारींत शेंकडा १० बंद असत. १९२७ सालीं तें प्रमाण शेंकडा ८५ वर गेलें. हलक्या सांगाड्याच्या टीला बंद घराचा भार पेलत नसे. शेव्हरोलेचा कारभार तर विल्यम नूडसन या फोर्डकडूनच १९२१ सालीं बाहेर पडलेल्या माणसाच्या हातीं होता.

अखेर २६ मे १९२७ रोजीं दीड कोटीव्या गाडीचा समारंभ झाला. एडसेलनें ती कारखान्याबाहेर काढली. म्हातारा शेजारीं बसला होता. डिअरबॉर्न येथें पोंचल्यावर त्यानें १८९६ सालचें आपलें पहिलें वाहन आणि टीचा मूळ नमुना हीं दोन्ही अंगणांत स्वतः फिरवून पाहिलीं. त्यानंतर जोडणीच्या साखळ्या थांबल्या. हजारों कामगार घरीं बसले, विक्रेत्यांकडे विकावयास गाडी नव्हती, आणि ही अवस्था सुमारें सहा महिने चालली. या सहा महिन्यांचा हिशेब मांडतांना फोर्डचें किती नुकसान झालें एवढेंच बहुतेक लेखक पाहतात. डिट्रॉइटच्या ज्या कुटुंबांत त्या हिंवाळ्यापर्यंत पगार आला नाहीं त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं.

त्या वेळीं अमेरिकेच्या रस्त्यांवर १ कोटीहून अधिक टी मोटारी धांवत होत्या. त्या प्रत्येकीच्या मालकापुढील अडचण अशी कीं, येणारी गाडी त्यानें पाहिलेली नव्हती. एक हातांतली, दुसरी केवळ कानांवर आलेली. शेव्हरोले आज मिळत होती आणि जुन्या गाडीचा कांहीं भाव येत होता; थांबावें तर तोच भाव आणखी उतरणार, कारण सर्वांनीं एकदमच टी विकावयास काढली तर तिला घेणार कोण? पुष्कळांनीं धीर सोडला. त्या वर्षीं शेव्हरोले १० लाखांवर खपल्या. पुष्कळांनीं फोर्डच्या नांवावर विसंबून न पाहिलेल्या गाडीचा विसार भरला. आणि एका वृद्ध बाईनें पुढें अडचण नको म्हणून सात नव्या टी मोटारी घेऊन ठेविल्या, अशीहि एक गोष्ट सांगतात. या तिघांत शहाणें कोण हें आज ठरविणें सोपें नाहीं. सात गाड्या घेणाऱ्या बाईंना हंसावयाचें असेल त्यानें हंसावें. आपणांस काय हवें आहे हें त्या एकट्यांनाच पक्कें ठाऊक होतें.

२ डिसेंबर १९२७ रोजीं ए मोटार लोकांपुढें आली तेव्हां दुकानांसमोर पोलिसांना गर्दी आवरावी लागली. यंत्र म्हणून ती टीच्या किती तरी पुढें होती. ४० अश्वशक्ति, ताशीं ६५ मैलांचा वेग, चारहि चाकांना ब्रेक, फुटली तरी तुकडे अंगावर न उडणारी समोरची कांच, निळ्या-वाळूरंगी छटा, आणि एडसेलच्या डोळ्यानें घडविलेलें सुबक रूप. किंमत ३८५ डॉलरपासून. पेट्रोल अजूनहि उतारानेंच वाही, पण टाकी आतां कांचेच्या पुढें उंचावर असल्यानें टेकडी उलटी चढण्याचें कारण उरलें नाहीं. गिअर बदलण्याची पद्धति मात्र इतर सर्व गाड्यांसारखी झाली. म्हणजे टी चालविणाऱ्याच्या पायांत अठरा-एकोणीस वर्षांत जी विद्या मुरली होती ती एका दिवसांत निरुपयोगी ठरली. दुकानदाराच्या मोडीच्या हिशेबांत या विद्येचा रकाना नव्हता. ए मोटार घेणाऱ्यांनीं चूक केली असें मी म्हणत नाहीं. बायकामुलांना पावसांत भिजवीत नेण्यांत कांहीं पुरुषार्थ नव्हता. पण ज्यांनीं टी ठेविली त्यांना मागासलेले म्हणणेंहि मला न्यायाचें वाटत नाहीं.

एकदां चालू झालेला मोडीचा व्यवहार एच्या बाबतींतहि थांबला नाहीं. टीला १९ वर्षें मिळालीं. ए चार वर्षांत, सुमारें ४८ लाख निघून, संपली आणि १९३२ सालीं आठ सिलिंडरांची नवी फोर्ड आली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं आपल्या मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडण्याचा कारखाना काढला, तो याच धामधुमीच्या काळांत. १९३० सालीं फोर्डनें रूज येथील कारखान्यांत आणखी एक साखळी सुरू केली. तिच्यावर कोणत्याहि कंपनीची जुनी गाडी सुमारें २० डॉलरना घेऊन सुटी केली जाई: कांचा एकीकडे, गाद्यांचें कापड एकीकडे, आणि उरलेलें लोखंड भट्टींत. जोडणीचीच कृति, उलट्या क्रमानें. इकडे टीचीं इंजिनें मात्र जुन्या मालकांसाठीं आणि इतर कामांसाठीं १९४१ पर्यंत निघतच राहिलीं.

टीचा विक्रम फोक्सवॅगनच्या बीटलनें १९७२ सालीं मोडला, आणि आतां टी व ए या दोन्ही संग्राहकांच्या जिव्हाळ्याच्या जुन्या मोटारी झाल्या आहेत. ज्याच्याजवळ जागा एकाच गाडीची आहे त्याला १९२७ चा प्रश्न आजहि पडतो, फक्त आतां तो दोन्ही दिशांनीं पडतो. ए आजच्या रस्त्यावर ताशीं ४५-५० मैलांनीं निभावून नेते. टीला त्याहून सावकाश, आडवाटेनेंच न्यावें लागतें. भावाची चौकशी अवश्य करावी, पण ए देऊन टी घेणाऱ्यानें आधीं मोकळ्या मैदानांत चार दिवस ती हांकून पाहावी. गडबडीच्या क्षणीं डावा पाय सवयीनें तळाशीं गेला तर ए मोटार इंजिनापासून सुटते. टी मात्र त्याच पायाखालीं निमूटपणें पुढें चालूं लागते.