जागा सांगणारा रेडिओ

हौशी रेडिओवरून आपली जागा आपोआप कळवण्याच्या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. तिचे जनक बॉब ब्रुनिंगा अमेरिकेच्या नौदल अकादमीत अभियंता होते. नौदलाकडून कळवल्या जाणाऱ्या जागा नकाशावर दाखवणारी प्रणाली त्यांनी १९८२ मध्ये ॲपल-२ संगणकावर लिहिली आणि १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोडदौडीवर लक्ष ठेवायला तिचीच नवी आवृत्ती वापरली. जीपीएस तेव्हा सामान्यांच्या हाती नव्हते. १९९२ मध्ये एपीआरएस हे नाव रूढ झाले. त्यातला ‘पी’ आधी ‘पोझिशन’चा होता, पुढे ब्रुनिंगांनी तो ‘पॅकेट’चा केला. गाड्यांचे ठिपके पाहणे एवढाच आपल्या पद्धतीचा अर्थ लोकांनी घ्यावा, हे त्यांना खुपत असे आणि ते रास्तच होते. हवामान, छोटे निरोप, मदतीची हाक हे सारे त्याच लहरीवर जाते.

यंत्रणा साधी आहे. कॉलसाइन म्हणजे केंद्राचे ओळखनाव, अक्षांश-रेखांश आणि नकाशावरचे चिन्ह यांचे पुडके (पॅकेट) सेकंदाला १२०० बिट वेगाने सुटते. ऐकणारे केंद्र ते पुन्हा प्रसारित करते. त्याला डिजिपीटर म्हणतात.

बीड जिल्ह्यात या ‘पुन्हा प्रसारित’ला फार महत्त्व आहे. एपीआरएस ज्या दोन मीटर पट्ट्यावर चालते, त्याची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, आणि बालाघाटाच्या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदाकाठची गंगथडी, दक्षिणेला घाटमाथा. गेवराईहून निघालेली गाडी मांजरसुंब्याचा घाट चढून पलीकडे गेली की मागच्या सपाटीवरच्या केंद्राला ती ऐकू येणे अवघड. डिजिपीटर हवा तो माथ्यावर.

शेजारच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक मदतीला धावले होते. अशा वेळी कोण कुठे आहे, हा पहिला प्रश्न असतो, आणि एपीआरएस त्याचेच उत्तर देते.

डोंगराची अडचण उपग्रहाला नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभराहून हलका ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने अवकाशात गेला; त्याचे काम जागा नोंदवण्याचे नव्हते, हौशी केंद्रांचे निरोप पोचवण्याचे होते. १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ उड्डाणात मात्र रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरच ॲमसॅट-इंडिया या हौशी रेडिओ संस्थेचा एपीआरएस डिजिपीटर बसवला होता. एरवी निकामी होऊन फिरत राहणारा हा टप्पा सुमारे ४८५ किलोमीटर उंचीवर होता. तेवढ्या उंचीवरून एकाच वेळी गंगथडी, घाटमाथा आणि मुंबईही दिसते. मात्र तो टप्पा क्षितिजाच्या वर असे तेवढी काही मिनिटेच पुडके पोचत असे, मग पुढच्या फेरीची वाट पाहावी लागे.