गिरणी बंद की काम बंद? हिंगणघाटच्या गिरणी कामगारांचा एक विस्मृत खटला

१/ गिरणीच्या फाटकावर नोटीस लागते. काम थांबते आणि त्यासोबत पगारही. कामगार भरपाई मागतात, तेव्हा मालकाचे उत्तर येते की गिरणीच बंद केली आहे, त्यामुळे हा दावा ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटहून हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची ही कहाणी. 🧵

२/ वेणा नदीकाठचे हिंगणघाट एकोणिसाव्या शतकात कापसासाठी ख्यातनाम होते. 'हिंगणघाट' या नावाचा कापूस इंग्लंडच्या बाजारातही ओळखला जाई. रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची. शेतशिवारातला माणूस आता भोंग्यावर चालू लागला.

३/ त्या काळचा कायदा कोणाच्या बाजूने होता? १८५९ च्या करारभंग कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला दंडाधिकारी कामावर परतण्याचा हुकूम देऊ शकत असे. हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास! मजुरी बुडवणाऱ्या मालकासाठी मात्र अशी शिक्षा या कायद्यात नव्हती. तो रद्द करणारा कायदा व्हायला १९२५ साल उजाडले.

४/ व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये कामगारस्थितीचा अहवाल दिला. पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार सातव्या दिवसापूर्वी, इतरत्र दहाव्या दिवसापूर्वी देणे बंधनकारक झाले. कामावरून काढलेल्याचा हिशोब दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत चुकता करावा लागे.

५/ याच कायद्यातील एक तरतूद फार मोलाची. थकीत पगाराचा अर्ज कामगार स्वतः करू शके, तसेच त्याच्या वतीने वकील, कारखाना निरीक्षक किंवा नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही करू शके. ज्याला अर्ज लिहिता येत नव्हता, त्याच्यासाठी संघटनेचे कार्यालय हेच वकिलाचे दालन ठरले.

६/ १९४७ मध्ये केंद्राचा औद्योगिक विवाद कायदा आला. त्याच वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनेही स्वतःचा वेगळा कायदा केला. वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. एकाच गिरणीवर दोन कायद्यांची छाया पडली आणि मालकांच्या वकिलांना युक्तिवादासाठी एक फट सापडली.

७/ १९५३ मध्ये केंद्रीय कायद्यात 'ले-ऑफ'ची भरपाई आली. कोळसा, कच्चा माल वा वीज नसल्याने, यंत्र बिघडल्याने किंवा माल साठून राहिल्याने काम देता आले नाही, तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यायची. अट होती वर्षभराच्या सलग सेवेची. बदली कामगार मात्र वगळलेले. रोज फाटकावर उभे राहूनही त्यांच्या हाती काही नव्हते.

८/ १९५६ मध्ये कलम ३३-क जोडले गेले. एरवी औद्योगिक तंटा न्यायालयापुढे जाण्यासाठी सरकारने तो पाठवावा लागे. या कलमामुळे कामगाराला आपली येणी मोजून घेण्यासाठी थेट कामगार न्यायालयात अर्ज करता येऊ लागला.

९/ पहिली कसोटी अकोल्यात लागली. सावतराम रामप्रसाद मिलच्या खटल्यात १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रांताचा कायदा असला तरी ले-ऑफच्या भरपाईचा हक्क केंद्रीय कायद्यानेच ठरेल. दोन कायद्यांमधली फट बुजली.

१०/ मग हिंगणघाटची पाळी आली. बन्सीलाल अबीरचंद मिलच्या कामगारांनी नागपूरच्या कामगार न्यायालयात ले-ऑफची भरपाई मागितली. कंपनीने ले-ऑफच नाकारला. गिरणीच बंद असेल, तर ३३-क खाली हिशोब मागताच येत नाही, असा तिचा पवित्रा होता.

११/ हा निवाडा नागपूरहूनच निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या १९७२ च्या खंडात आहे. त्याचे सार असे: मालकाने केवळ हक्क नाकारला म्हणून न्यायालयाचा अधिकार संपत नाही. पुरावा पाहून ते 'बंद' होते की 'ले-ऑफ', हे न्यायालयाने तपासलेच पाहिजे. मात्र चुकीचा निष्कर्ष काढून त्याला स्वतःला अधिकार बहाल करता येणार नाही.

१२/ याचे महत्त्व काय? मालकाच्या नुसत्या नकाराने दार बंद होणार असते, तर प्रत्येक मालकाने नकारच दिला असता. हक्क कागदावर राहिला असता आणि पगार तिजोरीत.

१३/ या वाटेलाही मर्यादा होती. बडतर्फी अन्याय्य आहे, हे ३३-क खाली ठरवता येत नसे. तो स्वतंत्र तंटा, आणि १९६५ पर्यंत सामान्यतः संघटनेने वा सहकाऱ्यांनी उचलून धरल्याशिवाय एकट्याची बडतर्फी 'औद्योगिक तंटा' ठरत नसे. त्या वर्षी कलम २-अ आले आणि एकट्या कामगाराची बडतर्फीही कायद्याच्या कक्षेत आली.

१४/ १९७४ मध्ये हिंगणघाटच्या या गिरणीचे इतर आजारी गिरण्यांसोबत राष्ट्रीयीकरण झाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला. त्यासाठी आज वर्ध्यातही जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे मागे पडले.

१५/ कलमांचे क्रमांक बदलतात, पण हिंगणघाटच्या कामगारांचा प्रश्न जुना होत नाही: येणे नाकारले गेले, तर ते तपासायला कोणी बांधील आहे की नाही? त्यांच्यामुळे या प्रश्नाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून 'आहे' असे उत्तर मिळाले.